मत बदलते तेव्हा



पुढाऱ्याने मत बदलले की आपण चटकन म्हणतो, 'गडी फिरला. वारा पाहून पाठ दिली.' आम्हीही असे अनेकदा म्हटले आहे. परंतु मत कधीच न बदलणारा पुढारी आपल्याला चालेल काय, असे स्वतःला विचारले तेव्हा आम्हाला उत्तर देता येईना. म्हणून आज अमेरिकेतील बंदुकांच्या कायद्याचा एकच धागा हाती धरला आहे. मत बदलल्याची किंमत कोणी, कधी आणि कोणाला दिली, हे तिथे फार स्पष्ट दिसते.

विषय दूरचा वाटेल, पण अगदीच परका नाही. १८७८ साली लिटनसाहेबाच्या अमदानीत शस्त्रांचा कायदा झाला. त्याने देश निःशस्त्र केला, ही आपल्या पुढाऱ्यांची जुनी तक्रार. १९३१ साली कराचीच्या काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. पुढे १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामथ यांनी तो हक्क घटनेत यावा अशी उपसूचना मांडली, आणि ती नामंजूर झाली. मधल्या सतरा वर्षांत राज्य आपले झाले होते आणि फाळणीचा रक्तपात ताजा होता. याला घूमजाव म्हणावे की शहाणपण, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही शहाणपण म्हणू.

आता रोनाल्ड रेगन यांची गोष्ट पाहू. १९६७ च्या मे महिन्यात ब्लॅक पँथर पक्षाचे काळे तरुण बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. रेगन तेव्हा तिथले गव्हर्नर होते. भरलेली बंदूक घेऊन भर रस्त्यात हिंडण्यास बंदी करणाऱ्या कायद्यावर त्यांनी काही आठवड्यांतच सही केली. पुढे १९८० साली ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या बलाढ्य संस्थेने त्यांना पाठिंबा दिला. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला पाठिंबा देण्याची त्या संस्थेची ती पहिलीच वेळ.

३० मार्च १९८१ रोजी रेगन यांच्यावर गोळीबार झाला. गोळी छातीत शिरली, ते वाचले. त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली आणि ते जन्माचे अपंग झाले. मत बदलायला याहून मोठे कारण कोणते हवे? पण बदलले नाही. १९८३ साली रेगन त्याच संस्थेच्या अधिवेशनात जाऊन भाषण करून आले. १९८६ साली बंदुकांच्या व्यापारावरील निर्बंध सैल करणाऱ्या कायद्यावर त्यांनी सही केली. मग १९८९ साली ते पायउतार झाले. आणि १९९१ च्या मार्चमध्ये, गोळीबाराला दहा वर्षे होत असताना, त्यांनी जाहीर केले की पिस्तूल विकण्यापूर्वी काही दिवस थांबून गिऱ्हाइकाची चौकशी करण्याचा ब्रेडी यांच्या नावाचा कायदा व्हायलाच हवा.

जखम १९८१ ची, वाचा फुटली १९९१ साली. मधल्या काळात बाईसाहेब ब्रेडी दारोदार हिंडत होत्या. रेगन यांना आम्ही ढोंगी म्हणत नाही. कदाचित त्यांना खरोखरच उशिरा पटले असेल. परंतु ज्या दिवशी त्यांना कोणाचे मत मागायचे उरले नव्हते, त्यानंतरच हे पटले, एवढे ध्यानात ठेवू.

त्यांच्या या नव्या मताचा उपयोग मात्र झाला. १९९४ साली लढाऊ धाटणीच्या काही बंदुकांवर बंदी घालण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहापुढे आले. फोर्ड, कार्टर आणि रेगन या तिघा माजी अध्यक्षांनी मिळून सभासदांना पत्र लिहिले. ५ मे रोजी २१६ विरुद्ध २१४ मतांनी विधेयक तरले! पूर्वी विरोधात असलेले विस्कॉन्सिनचे स्कॉट क्लग आणि कुंपणावर बसलेले न्यू हॅम्पशायरचे डिक स्वेट, दोघांनीही रेगन यांच्या सांगण्याचा परिणाम झाल्याचे कबूल केले. नोव्हेंबरात निवडणूक आली. क्लग तरले, स्वेट बुडाले. टेक्ससच्या जॅक ब्रूक्स यांची गत तर याहून विचित्र. बेचाळीस वर्षे निवडून आलेले हे गृहस्थ बंदूकवाल्यांचे जुने मित्र आणि या बंदीचे विरोधक. पण ती ज्या मोठ्या कायद्यात गुंफली होती त्याला त्यांनी अखेर मत दिले, तेही पडले. पराभवाची कारणे आणखीही असतील. पण क्लिंटन यांनी आपल्या आत्मचरित्रात त्या वर्षीच्या अपयशाचे बरेचसे श्रेय बंदूकवाल्यांना दिले, आणि पुढच्या पुढाऱ्यांनी धडा घेतला तो हाच.

ही संस्था उमेदवारांना शाळेतल्यासारख्या श्रेणी देते. न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातून निवडून आलेल्या कर्स्टन गिलिब्रँड यांना 'ए' श्रेणी होती. २००९ साली त्यांची सिनेटवर नेमणूक झाली, मतदारसंघ सबंध राज्याचा झाला, त्यात न्यूयॉर्क शहरही आले. आणि पुढल्या वर्षी बाई त्या परीक्षेत नापास! आपले आधीचे मत चुकीचे होते, असे त्यांनी पुढे उघड सांगितले. शहरातल्या ज्या आईबापांची मुले गोळीला बळी पडली, त्यांना त्या भेटल्या होत्या. मतदार बदलले म्हणून मत बदलले, की आधी न दिसलेले दुःख दिसले म्हणून? आम्हाला वाटते, दोन्ही. लोकप्रतिनिधीवर दडपण असणारच, ते नसेल तर तो कोणाचा प्रतिनिधी? विचारायचे ते हे, की दडपण आणणारे कोण: दर निवडणुकीला याच एका प्रश्नावर मत देणारे मूठभर, की मनातून कायदा हवा असणारे आणि मतदानाच्या दिवशी तो विसरणारे पुष्कळसे.

१९९४ च्या त्या कायद्याला दहाच वर्षांची मुदत होती. मुदत वाढवण्यास आपला पाठिंबा आहे, असे जॉर्ज बुश यांचे जाहीर मत होते. २ मार्च २००४ रोजी सिनेटने मुदतवाढीची सूचना ५२ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर केली आणि ती बंदूक कारखानदारांना संरक्षण देणाऱ्या विधेयकाला जोडली. जोड लागताच कारखानदारांच्या मित्रांनाही ते नकोसे झाले, आणि त्याच दिवशी ते सबंध विधेयक ९० विरुद्ध ८ मतांनी पाडण्यात आले. प्रतिनिधिगृहाने तर हा प्रश्न मतालाच टाकला नाही. १३ सप्टेंबर रोजी कायदा आपोआप संपला. बुश यांना शब्द मोडावा लागला नाही. सहीसाठी कागदच त्यांच्या मेजावर आला नाही.