दहा वर्षांची भागीदारी

जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा आणि दुसऱ्या काठी सावरगाव. बाहेरच्या जगाला ही गावे ठाऊक असतात ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. उरलेले वर्षभर या मुलखात कापूस वेचला जातो, संत्र्याचे बगीचे राखले जातात, सौदे ठरतात आणि मोडतात, याची वार्ता फारशी कोणास नसते. दूरच्या प्रदेशाविषयीचे ज्ञान बहुधा असेच एका गोष्टीपुरते असते, आणि ज्या व्यवसायाविषयी मी आज बोलणार आहे त्याचे यशापयश हे अपुरे ज्ञान किती चिकाटीने पुरे करून घेतले यावरच ठरते.

‘प्रायव्हेट इक्विटी’ या नावाने तो व्यवसाय ओळखला जातो. शेअरबाजारात जिच्या भागांची खरेदी-विक्री होत नाही अशा कंपनीत मोठा हिस्सा घ्यावयाचा, तिच्या कारभारात लक्ष घालून काही वर्षांत तिचे मोल वाढवावयाचे, आणि मग तो हिस्सा विकून मुद्दल व नफ्यासह बाहेर पडावयाचे, असे त्याचे स्वरूप. भारत, ब्राझील, व्हिएतनाम, केनिया अशा देशांत, जेथे भांडवलाची निकड मोठी परंतु कायदा, चलन आणि दळणवळण यांची शाश्वती कमी, तेथे हे काम करणाऱ्याची कारकीर्द विशेष कसोटीची ठरते. हे सारे अलीकडचे आणि परके वाटेल. पण अल्प मुदतीचे आणि दीर्घ मुदतीचे अशी त्याची दोन्ही रूपे आपल्याला एकाच पुरुषाच्या चरित्रात, आणि त्यातले एक तर शेजारच्या नागपुरातच, पाहावयास मिळतात.

१८६९ साली जमशेटजी टाटांनी मुंबईस चिंचपोकळीची एक दिवाळखोर तेलगिरणी विकत घेतली, तिची कापडगिरणी केली, तिला अलेक्झांड्रा हे नाव दिले आणि दोनेक वर्षांत चांगला नफा घेऊन ती विकून टाकली. आजच्या गुंतवणूकदारालाही या व्यवहारात काही बदलावेसे वाटणार नाही. परंतु त्यानंतर लँकेशायरच्या गिरण्या डोळ्यांखालून घालून आलेल्या या गृहस्थाने जो विचार केला तो निराळा होता. मुंबईत गिरण्यांची दाटी होत चालली होती. मग कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी का घालू नये? नागपुरास रेल्वे १८६७ मध्ये पोचली होती, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि सुताला व कापडाला बाजारपेठ दाराशीच होती. १८७४ मध्ये पंधरा लाख रुपये भांडवलाची कंपनी निघाली आणि दलदलीची जमीन घेऊन तीवर भराव टाकण्याचे काम सुरू झाले. हा मनुष्य जमिनीत सोने पुरतो आहे, असे म्हणून एका स्थानिक मारवाडी सावकाराने पैसा देण्याचे नाकारले. पुढे त्यानेच कबूल केले की टाटांनी माती टाकली आणि सोने काढले. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी धारण केली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली.

मला या कथेत सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा भाग. कारभारी म्हणून जमशेटजींनी निवडले बेझनजी दादाभाई मेहता यांना. हे गृहस्थ रेल्वेच्या नोकरीतून आलेले, कापसाच्या धंद्याची त्यांना काही माहिती नव्हती, पण माणसे आणि हिशेब दोन्ही सांभाळण्याची त्यांची योग्यता जमशेटजींनी पारखली होती. रिंग पद्धतीच्या चात्या लँकेशायरने अजून मनावर घेतल्या नव्हत्या तेव्हा त्या नागपुरात चालवून पाहण्यात आल्या. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला. १९०४ मध्ये देह ठेवीपर्यंत जमशेटजींनी या गिरणीतला आपला हात काढून घेतला नाही. अलेक्झांड्रा विकणारा आणि एम्प्रेस उभारणारा मनुष्य एकच, बुद्धीही तीच, फरक मुदतीचा. पहिल्या व्यवहारास मी नावे ठेवीत नाही, कारण पहिल्यातून आलेला पैसा आणि अनुभव यांवाचून दुसरा घडला नसता.

याच भूमीने भांडवलाचे आणखी एक रूप पाहिले आहे. आपल्या सौंसरच्या नावाने भूगर्भशास्त्रज्ञ ज्या खडकांना ओळखतात त्यांत मँगनीजचे साठे आहेत, आणि ते उपसण्यासाठी १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश संस्था स्थापन झाली. नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंतच्या पट्ट्यातून धातुक विलायतेस जात राहिले. येथे उरली मजुरी आणि खाणींचे खड्डे. १९६२ मध्ये मॉईल ही कंपनी स्थापून सरकारने एक्कावन्न टक्के भाग घेतले आणि १९७७ मध्ये उरलेले एकोणपन्नास टक्केही. गुंतवणूकदार बाहेर पडला, असे आजच्या परिभाषेत म्हणता येईल. परंतु ऐंशी वर्षांच्या मुक्कामात त्याने येथल्या माणसांच्या हाती कोणते कौशल्य ठेवले, हा प्रश्न मला नफ्याच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर परदेशी भांडवलाला एक नियमबद्ध वाट मिळाली ती १९५६ मध्ये जागतिक बँकेच्या कुटुंबात जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळामुळे. सरकारी हमीवाचून खाजगी उद्योगांस पैसा पुरविणे हे त्याचे काम; आणि १९५९ च्या सुमारास भारतात ज्यांना त्याचे साहाय्य मिळाले त्यांत खडकीची किर्लोस्कर ऑईल इंजिन्स होती.

या व्यवसायात उतरणाऱ्या तरुणाची पहिली वर्षे दुसऱ्यांचे ताळेबंद वाचण्यात जातात. जमाखर्चाची रुजवात घालणे, गहाणखते व करारमदार तपासणे, मालकाच्या बोलण्याचा कारखान्याच्या आवाराशी मेळ घालणे, हे सारे केल्यावर मग भागीदारपद येते. निधी बहुधा दहा वर्षांच्या मुदतीचा असतो. व्यवस्थापकास दरसाल सुमारे दोन टक्के मेहनताना आणि ठरलेल्या परताव्याच्या वर जो नफा होईल त्याचा पाचवा हिस्सा, अशी सर्वसाधारण रीत आहे. म्हणजे आयुष्यभरात तीन-चार निधी हाताखालून गेले की कारकीर्द संपली, आणि पहिल्या निधीचा खरा निकाल लागेपर्यंत केस पिकू लागलेले असतात.

त्यात चलनाची गोष्ट. २०१० च्या सुमारास एका डॉलरला पंचेचाळीस रुपये पडत. २०२३ अखेर त्र्याऐंशी. परदेशी निधीने तेव्हा एक कोटी डॉलर, म्हणजे पंचेचाळीस कोटी रुपये, येथे घातले आणि आपल्या उद्योजकाने घाम गाळून त्याचे नव्वद कोटी केले, तरी डॉलरमध्ये ते एक कोटी आठ लाखांच्या आसपासच भरतात. रुपयात दुप्पट, आणि डॉलरमध्ये जेमतेम मुद्दल. परदेशी भागीदार उतावीळ का होतो, हे येथे समजते. उतावळेपणाचा भार मात्र येथल्या उद्योगावर पडतो.

आता आपल्या संत्र्याकडे येऊ. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेले झाड चांगल्या उत्पन्नास येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. मृग बहार घ्यावा तर पावसाने ओढ दिली की बहार हुकतो, आंबिया घ्यावा तर उन्हाळ्यात विहिरीला पाणी हवे. आणि फळ हिरवे असतानाच अनेक जण बगीचा व्यापाऱ्यास उक्ता देऊन टाकतात, कारण हातात रोकड नसते. फळांची प्रतवारी करणारी, मेण चढविणारी आणि थंड कोठारात राखणारी व्यवस्था उभारावयाची तर भांडवल असे लागेल की जे पहिल्या दोन बुडालेल्या बहारांनी डगमगणार नाही. दहा वर्षांच्या निधीत ही मुदत कशीबशी बसते, आणि म्हणून तो सौदा करणाऱ्यास बहारासाठी झाडाला पाण्याचा ताण केव्हा देतात हे खसऱ्याच्या नोंदीइतकेच नेमके माहीत असले पाहिजे.

कायद्याची अडचणही ध्यानात घेतली पाहिजे. शेतकऱ्यांची जी उत्पादक कंपनी असते तिचे भाग केवळ उत्पादकांस आणि उत्पादकांच्या संस्थांसच घेता येतात. बाहेरच्या निधीला तो दरवाजा बंद आहे, आणि शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी तो बंद असणे मला योग्यच वाटते. मार्ग उरतो तो असा की प्रतवारीचा व साठवणुकीचा कारखाना निराळ्या कंपनीच्या नावे असावा, तीत बगीचेवाल्यांच्या संस्थेचा ठोस हिस्सा असावा, आणि निधी बाहेर पडेल त्या दिवशी त्याचे भाग विकत घेण्याचा पहिला हक्क, किंमत ठरविण्याच्या रीतीसह, त्याच संस्थेस करारात लिहून मिळावा. असा करार दोन्ही बाजूंना समजेल अशा भाषेत मांडू शकणारा, न्यूयॉर्कचा हिशेब आणि पांढुर्ण्याच्या मंडीतला भाव दोन्ही वाचता येणारा मनुष्य आज दुर्मीळ आहे. नागपुरात जन्मलेले विक्रम पंडित सिटीग्रुपच्या सर्वोच्च पदापर्यंत गेले आणि पुढे त्यांनी स्वतःची गुंतवणूकसंस्था काढली. तेथवर पोचण्याइतकी बुद्धी या प्रांतात आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या महाविद्यालयांत वाणिज्य शिकणाऱ्या मुलामुलींनी पदवीच्या आधी एक हंगाम अडत्याच्या गादीवर बसून त्याची वही लिहावी. ताळेबंद वाचण्याचे खरे शिक्षण तेथून सुरू होते.