ॲल्युमिनियमचा सांधा आणि यंत्राची निवड



पिंपळनेरला एका होतकरू पोराचे वेल्डिंगचे दुकान आहे. आयटीआय केलेला, हात चांगला. नांगराचा फाळ, ट्रॉलीचा साटा, खिडकीची जाळी, कुठलेही काम आणा. मागे पतपेढीचे कर्ज काढून त्याने टिग मशीन घेतले. पहिलेच गिऱ्हाईक आले ते बुडाला भेग पडलेली दुधाची कॅन घेऊन. पोराने झोत लावला. वर काळपट कीट धरले, आणि बघता बघता बुडाला रुपयाएवढे भोक! कॅन गेली, गिऱ्हाईकही गेले. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणतो, "गुरुजी, मशीन खराब निघालं."

मशीन खराब नव्हते. ते नुसते डीसी होते.

आपण घरात ज्याला जर्मलचे भांडे म्हणतो, त्या धातूवर दुधावरच्या सायीसारखा ऑक्साइडचा पापुद्रा असतो. शिक्षक मंडळींनी वर्गात जरूर सांगावे, की या सायीमुळेच पातेले लोखंडासारखे गंजत नाही. पण वेल्डरला तीच नडते. आतला धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, साय मात्र २,००० अंशांच्याही पुढे. शिवाय लोखंड आधी लाल होऊन सूचना देते; हा बेटा रंगच बदलत नाही, एकदम खाली बसतो.

एसी प्रवाहाची दिशा सारखी उलटसुलट होते. एका दिशेत साय फुटते, दुसरीत खालचा धातू वितळतो. डीसी टिगवर नेहमीच्या आर्गॉनने हे साधत नाही. म्हणून मशीनवर 'एसी/डीसी टिग' लिहिलेले पाहा. दुकानदार म्हणेल, "टिग आहे, सगळं जोडतं." आपण खिशातून जर्मलचा तुकडा काढावा आणि म्हणावे, "जोडून दाखवा बरं."

जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर धरा. म्हणजे तीन मिलिमीटरपर्यंतच्या कामाला २०० अँपिअरचे मशीन पुष्कळ झाले. पण शेतातल्या मोटारी सुरू झाल्यावर आपल्या लाइनीचा दाब किती उतरतो, तेही आधी बघा. गॅस शुद्ध आर्गॉनच हवा. कार्बन डायऑक्साइडची टाकी इथे चालत नाही. चुलीवर चढणाऱ्या भांड्याला ५३५६ ची कांडी नको, सिलिकॉनची ४०४३ घ्या. तारेचा ब्रश स्टेनलेसचा, आणि लोखंडाला कधी न लावलेला.

जाड पत्र्याच्या लांब सांध्याला मिग बरे, पण मऊ तार अडकते. तिला स्पूल गन लागते. ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या झोतावर फ्लक्स लावूनही जुने कारागीर सुरेख जोडतात. मात्र उरलेला फ्लक्स गरम पाण्याने धुतला नाही तर तो सांधाच खातो.

माझे मत विचाराल, तर महिन्याला चारच कामे येत असतील तेव्हा एसीसाठी कर्ज काढू नये. त्या पोराने मशीन ठेवले आहे. स्टीलचे कठडे त्यावर छान होतात. जर्मलची कामे तो धुळ्याला पाठवतो आणि एका वहीत मांडून ठेवतो. वही भरली की एसीचे बघू, असे आमचे ठरले आहे.