वीणेचा घडा आणि व्हायोलिनची कड



तंजावरातील मराठी सभेत व्याख्यात्याने इतिहासावर बोलावे, असा जणू संकेतच आहे. मी आज लाकडावर बोलणार आहे. फळी सरळ असते आणि वाद्याचे पोट गोल हवे असते. ही अडचण कारागीर कशी सोडवतो, एवढाच माझा विषय.

फळी वाकवणे हा एक मार्ग. वाकताना तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. ओल आणि उष्णता मिळाली की तंतूंना सांधून ठेवणारे लिग्निन मऊ पडते आणि थंड होताना लाकूड नवा आकार धरते. जाडी निम्मी केली, तर तेवढ्याच वाकासाठी लागणारा जोर एक अष्टमांशावर येतो. म्हणून व्हायोलिनच्या कडेची पट्टी जेमतेम १ मिलिमीटर जाडीची ठेवतात, ओलसर करतात आणि तापलेल्या लोखंडावर हळूहळू वळवतात. हे परदेशी वाद्य कर्नाटक संगीतात रुजवण्यात ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या बंधूंपैकी वडिवेलू यांचा मोठा वाटा होता. आणि हे चौघेही दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८–१८३२) आश्रयाला होते. तेव्हा वाकवलेले लाकूड या गावाला परके नाही.

तरीही तंजावरी वीणेचा कारागीर ते वाकवत नाही. तो फणसाचा ओंडका घेतो, पुष्कळदा पणरुट्टीकडचा, आणि नको तेवढे लाकूड काढून टाकतो. वीणेचा घडा, ज्याला येथे ‘कुडम’ म्हणतात, असा पोखरून तयार होतो. त्यावर ७ तारांचा ताण वर्षानुवर्षे राहायचा असतो. वाकवलेल्या लाकडाला आपला सरळपणा आठवतो. दमट हवेत ते उलगडू पाहते. कोरलेल्याला आठवण्यासारखे काही नसते. मात्र त्याची खोड निराळी. गोलाईपायी तंतू जागोजागी तोडलेले असतात आणि लाकूड कोरडे पडले की चीर तेथूनच जाते.

आपल्या मिरजेने तिसरीच वाट धरली. तेथील तंबोऱ्याचा भोपळा वेलीवरच गोल होऊन येतो. वाकवणे नाही, पोट कोरणे नाही! तंजावरी तंबोऱ्याचे पोट मात्र फणसाचेच. तंजावरी वीणेला २०१३ मध्ये आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आपल्याला दुहेरी.

आता घरातली गोष्ट. मुलीसाठी वीणा घ्यायची म्हटली की ‘एकांड’च हवी, असा आग्रह धरला जातो. एकांड म्हणजे घडा, दांडी आणि यळीचे मुख एकाच खोडातून घडवलेली. साधी वीणा तीन भाग सांधून होते. एकांडाला मोठे खोड लागते आणि फळ देणारा फणस कोणी सहज तोडत नाही. त्यामुळे ती महाग असते. माझे मत स्पष्ट सांगतो : ओल्या लाकडाच्या एकांडापेक्षा नीट मुरलेल्या लाकडाची सांध्याची वीणा चांगली. विकत घेताना नक्षी मागाहून पाहावी. आधी लाकूड किती वर्षे वाळवले ते विचारावे आणि घड्याच्या काठावरून बोट फिरवून पाहावे.

ज्यांच्या मुली वीणा घेऊन थंड मुलखात जाणार आहेत, त्यांनी ती खोली तापवणाऱ्या यंत्राजवळ ठेवू नये. प्रवासात तारा सैल कराव्यात. आणि हिवाळ्यात खोलीत पाण्याचे एक पसरट भांडे भरून ठेवावे.