खांबाआधी ग्रामसभा



आपलं अभियंत्यांचं अधिवेशन मोहर्लीत ठरल्यावर आधी सफारीची चौकशी झाली, विषयपत्रिकेची नंतर. त्यात गैर काही नाही. पण इथला इरई जलाशय वाघांसाठी किंवा पर्यटकांसाठी झालेला नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राला पाणी हवं होतं म्हणून इरई अडवली गेली. आज त्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. धरणाची पातळी आपल्यातला कुणीही तोंडपाठ सांगेल. पाण्याखाली कोणाच्या धानाच्या बांध्या गेल्या, असं विचारलं की आपण महसूल खात्याकडे बोट दाखवतो.

आदिवासींशी समेट करायचा असेल तर हे बोट आधी खाली यायला हवं.

वनहक्क कायद्याचं कलम ३(२) आपल्याला ठाऊक आहे. गावाच्या सोयीसाठी वीजवाहिनी न्यायची असेल तर एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी पंचाहत्तरपर्यंत झाडं, तीही ग्रामसभेची शिफारस असेल तरच. आता दुसरी बाजू पाहा. फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने रस्ते, कालवे, पारेषण वाहिन्या अशा रेषीय प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. माडियांसारख्या अतिअसुरक्षित जमातींच्या हक्कांना बाधा येत असेल तिथे ही सूट नाही. म्हणजे गावात दिवा न्यायचा तर गावाला विचारा आणि गावावरून शहराची वीज न्यायची तर विचारलं नाही तरी चालेल! सूट मिळाली म्हणून ती घेतलीच पाहिजे असं कुठल्याही नियमात नाही. आपण ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रामसभा वेळ खाते, ही आपली जुनी तक्रार. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे विषय आधी अभ्यासगटात चर्चेला येतो आणि निर्णय सर्वसहमतीने होतो. आपण मात्र एका बैठकीत ‘ना हरकत’ घ्यायला जातो, नकाशा इंग्रजीत, सोबत भाषा जाणणारा कोणी नाही. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध १९८४ साली बाबा आमटे आणि आदिवासी पुढारी उभे राहिले, तेव्हाही आपल्या क्षेत्रात ‘विकासाला विरोध’ एवढीच नोंद झाली. जमीन कोणाची जाणार आणि वीज कोणाला मिळणार, हा त्यांचा प्रश्न टिपणीत आलाच नाही.

राहून गेलेली नोंद नंतरही करता येते. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी वीज कंपनीने पीस नदीवर बेनेट धरण बांधलं. १९६८ पासून भरलेल्या जलाशयाने त्से के डेने लोकांची भूमी गिळली. भरपाईचे करार व्हायला चार दशकं गेली. २०१६ मध्ये धरणाच्या अभ्यागत केंद्रातच त्या लोकांच्या बाजूने सांगितलेला इतिहास मांडला गेला. एवढ्याने सगळं मिटलं असं नाही. पण कंपनीने आपल्याच दारात आपल्याविरुद्धची साक्ष ठेवली, हे मला मोठं वाटतं. आपल्या वीज केंद्रांत पाहुण्यांना टर्बाइन दाखवतात. तिथे बुडीत शेतांची यादी लावायला फार खर्च येणार नाही.

दुपारी आदिवासींशी समेटाच्या ठरावाचा मसुदा येईल. त्यातून ‘सामाजिक बांधिलकी’ हे शब्द काढावेत. त्या जागी कोणत्या गावांना, किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत आणि सही कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याची, एवढं लिहावं. मसुदा मतदानाआधी इथल्या ग्रामसभेला गोंडीतही वाचून दाखवावा. त्यासाठी अधिवेशन एक दिवस लांबलं तरी माझी हरकत नाही.