टाक्या दोन, तपासणी दोनदा

ड्रायव्हर आणि क्लीनर बंधूंनो,

काही ट्रकांना डिझेलच्या दोन टाक्या असतात. त्या भरल्या की आपण निर्धास्त होतो. पण कसारा घाटात, भर चढावर गाडी बंद पडली, तर मागच्यांच्याही जिवावर बेततं. आम्ही पडलो मास्तर; म्हणून चार धडे केले आहेत.

पहिला : टाकीला हवेचं बारीक भोक असतं, बहुधा झाकणातच. ते चिखलानं बुजलं, तर पंपाला डिझेल ओढता येत नाही. ते साफ ठेवावं.

दुसरा : पाणी डिझेलहून जड, ते तळाशी बसतं. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी दोन्ही टाक्यांचं खालचं बूच सैल करून ते काढून टाकावं.

तिसरा : दोन टाक्या जोडणारी नळी असेल, तर ती खाली लोंबते. तिला दगड लागला का, ते वाकून बघावं.

चौथा : टाकी बदलायचा कॉक असेल, तर पहिली टाकी कोरडी पडण्याआधीच तो फिरवावा. पंपात हवा शिरली, की ती काढल्याशिवाय इंजिन धरत नाही, बरं का!

टाक्या दोन, तर तपासणीही दोनदा. एवढं आपण पाठच करू या.