काट्याला न दिसणारी चरबी

गोंदियाच्या तांदळाच्या बाजारात गोणीची खरी परीक्षा काट्यावर होत नाही. जाणता व्यापारी पोकळ लोखंडी सळई गोणीत खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो आणि तुकडा किती, ओल किती हे पाहून मगच भावाचे बोलतो. मनुष्यदेहाच्या बाबतीत मात्र चांगला सुशिक्षित गृहस्थही काट्यावर उभा राहतो, आकडा वाचतो आणि समाधान पावून खाली उतरतो.

हे समाधान किती फसवे असू शकते, याचा दाखला पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच देहांवरून दिला. वजनाला उंचीच्या वर्गाने भागले असता दोघांचाही अंक नेमका २२.३ येत होता. पण दोन निरनिराळ्या शक्तींच्या क्ष-किरणांनी देह तपासणाऱ्या 'डेक्सा' यंत्राने युडकिन यांच्या अंगी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के चरबी दाखविली. युडकिन मॅरेथॉन धावत असत. दुसऱ्याचा व्यायाम रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी ती गाठण्यापुरताच, अशी थट्टाही त्यांनी त्यात केली होती. शास्त्रीय लेखनात विनोद विरळा. येथे तो शोभला.

चरबी हे केवळ सांठवणीचे कोठार, अशी समजूत फार काळ होती. १९९४ साली लेप्टिन या द्रव्याचा शोध लागला आणि मेद हा रक्तात संदेश सोडणारा एक जिवंत अवयवच आहे, हे निर्विवाद ठरले. मग प्रश्न आला तो जागेचा. त्वचेखालची चरबी बरीचशी निरुपद्रवी असते. ते कोठार अपुरे पडले म्हणजे माल माजघरात रचावा, तशी चरबी आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंतही साठू लागते. तेथून सुटणारी मेदाम्ले यकृताच्या कामात व्यत्यय आणतात, इन्सुलिनचा हुकूम देहात चालेनासा होतो आणि मधुमेहास वाट मिळते. ही आतली चरबी पोट न फाडता पाहणे पूर्वी शक्यच नव्हते. १९८३ साली जपानात ओसाकाच्या संशोधकांनी सीटी स्कॅनच्या छेदचित्रांवरून ती मोजण्याची रीत सांगितली. पुढे चुंबकीय यंत्र, म्हणजे एमआरआय, हाती आले. पाण्यातील व चरबीतील हायड्रोजन चुंबकक्षेत्रात किंचित निरनिराळ्या लयीने स्पंदतो. त्या फरकावरून दोहोंची चित्रे वेगळी काढता येतात आणि त्यास क्ष-किरणही लागत नाहीत.

चरबी काय करते आहे, हे दाखविणारे यंत्र म्हणजे पेट स्कॅन. किंचित किरणोत्सर्गी केलेली साखर टोचली असता जो भाग ती अधिक ओढून घेतो, तो चित्रात उजळतो. प्रौढांच्या मानेपाशी व गळपट्टीच्या हाडांच्या वर तपकिरी चरबीचे साठे असतात आणि थंडीत ते ऊब निर्माण करण्यासाठी इंधन जाळतात, हे २००९ साली याच रीतीने सिद्ध झाले. त्यावरून लठ्ठपणाच्या औषधाची आशा अनेकांनी बांधली आहे. मे महिन्यात भट्टीसारख्या तापणाऱ्या विदर्भात या शेगडीचा उपयोग किती, ही शंका रास्त होय.

त्याच वर्षी एमआरआयने दाखविलेली गोष्ट मात्र अधिक घरची व अधिक गंभीर आहे. पुण्याच्या व लंडनच्या नवजात अर्भकांची चित्रे ताडून पाहता भारतीय बाळे आकाराने लहान, तरी त्यांच्या पोटात व पोटाभोवती चरबी मात्र अधिक आढळली. अर्थात खाणे आणि बैठे काम हे दोष जडण्यापूर्वीच, आईच्या उदरातच, या कथेचा आरंभ झालेला असतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, आणि गरोदरपणी जड कष्ट करणाऱ्या स्त्रियांची बाळे त्यांतही हलकी निघाली.

गोंदियाच्या बांध्यांतून आषाढात चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईला कोणी स्थूल म्हणणार नाही. तिचा मुलगा शिकून शहरात खुर्चीवर बसतो, सडपातळ दिसतो आणि वजनाचा अंक पाहून निर्धास्त राहतो. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी सावधगिरीची रेषा पुरुषास कमरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रीस ८० अशी आखली आहे. ती पाहण्यास एमआरआय लागत नाही. शिंप्याची फीत त्याच्या घरातही असते.