चिवड्यातले काजू

श्रोतेहो, मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय आहे 'पडोसन'. 1968 सालचा हा विनोदी संगीतपट लोकांना अजून का हवासा वाटतो, ते सांगायचं आहे. सांगतो. पण आधी माझी एक तक्रार आहे, आणि ती तुमच्याविषयीच आहे. तुम्ही 'पडोसन' पाहत नाही. तुम्ही त्यातलं एक गाणं पाहता.

गेल्या दिवाळीची गोष्ट. आम्ही फराळाला बसलो होतो. भाचीने मोबाईल पुढे केला, "मामा, हे बघ ना, कसलं भारी आहे!" बघतो तर तीच दोन खिडक्यांमधली 'एक चतुर नार'ची जुगलबंदी. एका खिडकीत मेहमूद, दुसऱ्या खिडकीत सुनील दत्त, आणि त्याच्याआड लपून गाणारा किशोरकुमार. सगळे पोट धरून हसले. मी तिला विचारलं, "हा सुनील दत्त नुसते ओठ का हलवतो आहे?" ती म्हणाली, "असंच, गंमत म्हणून." आणि त्याच वेळी तिचा धाकटा भाऊ चिवड्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून काजू वेचत होता. त्याच्या आईने हातावर चापट मारली. "नुसते काजू खायचे तर वाटीत देते, डबा कशाला उपसतोस?"

पण वाटीतले काजू त्याला नको होते! चिवड्यातलेच हवे होते. कारण चव काजूची नसतेच. पातळ पोहे मंद आचेवर हलवत राहायचे, फोडणीत कढीपत्ता, मिरची, हळद पडलेली, मीठ-साखर वरून भुरभुरलेली. ती सगळी मेहनत पोह्यांवर झालेली असते आणि तिचं माप काजूच्या पदरात पडतं. 'पडोसन'चं तसंच आहे. ते पाच-सहा मिनिटांचं गाणं हा काजू आहे. पोहे तुम्ही बाजूला सारता.

आता पोहे कोणते ते बघा. सिनेमाच्या सुरुवातीला नायक भोला, म्हणजे सुनील दत्त, चार आश्रमांविषयी वाचतो. पंचविशीपर्यंत ब्रह्मचर्य, पुढे गृहस्थाश्रम. हा सव्विशीचा! म्हणजे शास्त्राप्रमाणे एक वर्ष उशीर झालेला. एवढ्या भाबडेपणाने जो लग्नाला निघतो, तो शेजारच्या बिंदूला गाण्याचं वेड आहे म्हटल्यावर काय करील? गाणं शिकायला जाईल. तो विद्यापतीकडे जातो. विद्यापती म्हणजे किशोरकुमार, तोंडात पान, डोक्याला तेल, भोवती बनारसी, कलकतिया अशी मंडळी. गुरू जीव तोडून शिकवतो आणि शिष्याच्या गळ्यातून सूर म्हणून निघत नाही. तालमीचा तो प्रसंग तुम्ही पाहिलेला नसेल, तर पुढच्या जुगलबंदीत काय पणाला लागलं आहे हे कळणारच नाही. इथे गंमत म्हणून कुणी लपलेलं नाही. हा मुलगा गाऊच शकत नाही, आणि त्याला गाता येत नाही हे बिंदूला कळलं की सगळं संपलं. खिडकीत सुनील दत्तचे ओठ एक क्षण चुकले तरी पोटात गोळा येतो. आपण हसतो ते त्या भीतीपोटी. ती भीती मोबाईलवरच्या तुकड्यात येत नाही.

पुन्हा सांगतो, कारण हा मुद्दा निसटतो. हसू गाण्यात असतं, पण त्याची तयारी आधीच्या तासाभरात झालेली असते.

ही युक्तीही किती आपली आहे बघा. पडद्यावर एकाने ओठ हलवायचे आणि आवाज दुसऱ्याचा, हे आपल्या सिनेमात 1935 सालच्या 'धूप छाँव'पासून चालत आलं आहे. आपण ते इतकं गृहीत धरलं की आवाजाचा धनी कोण, हे पडद्यावर कधी दिसलंच नाही. 'पडोसन'ने तो धनी खिडकीखाली बसवून दाखवला. सुनील दत्तला उसना आवाज आहे, हे इतर चित्रपटांत आपण विसरायचं असतं. इथे ते लक्षात ठेवायचं असतं. आणि बिंदूला गाणं शिकवणारे मेहमूदचे मास्टरजी? ते तर कथेत स्वतःच्या गळ्याने गाणारे, शिकलेले गवई. प्रत्यक्षात त्यांना आवाज मन्ना डे यांचा. म्हणजे कथेत एकच जण उसन्या आवाजावर आहे आणि स्टुडिओत दोघेही! मूळ कथा अरुण चौधुरींची. तिच्यावर 1952 मध्ये बंगालीत 'पाशेर बाडी' निघाला होता, पाठोपाठ तेलुगूतही सिनेमा झाला. कथेत मुळातच दम होता. पण राजेंद्रकृष्ण यांची पटकथा, संवाद आणि गीतं, ज्योती स्वरूप यांचं दिग्दर्शन, तरुण राहुलदेव बर्मन यांचं संगीत आणि किशोरकुमार, हे सगळं एका जागी आलं ते इथे.

मन्ना डे यांच्याविषयी थोडं जास्त बोलतो, वेळ गेला तरी चालेल. 1956 साली 'बसंत बहार' नावाचा चित्रपट आला. त्यात दरबारातला गाण्याचा सामना आहे. एका बाजूला आपले पंडित भीमसेन जोशी, दुसऱ्या बाजूला नायकासाठी मन्ना डे, आणि कथेप्रमाणे जिंकायचं मन्ना डे यांनी. भीमसेनजींना हरवायचं म्हटल्यावर मन्नाबाबूंच्या छातीत धडकी भरली होती, हे त्यांनीच पुढे सांगितलं आहे. त्यांनी ते गाणं जीव ओतून गायलं. आणि बारा वर्षांनी त्याच गळ्याला 'पडोसन'मध्ये हरायचं होतं. कुणाकडून? शास्त्रीय संगीताची तालीम कधीच न घेतलेल्या किशोरकुमारकडून! हे त्यांना जड गेलं, असं सांगतात. जाणारच. पण ऐका, कसे हरले आहेत ते. सरगम लखलखीत, तान स्वच्छ, आणि समोरचा सुरांची भलतीच गुंतागुंत करू लागला की एका शिकलेल्या माणसाचा जो गोंधळ उडावा, तो त्यांनी सुरातच उडवून दाखवला आहे. बेसूर होऊन हरणं कुणालाही जमेल. सुरात राहून हरायला मन्ना डे लागतात. माझ्या मते या गाण्यात सर्वात कठीण काम त्यांचं आहे आणि टाळ्या मात्र आपण किशोरकुमारला देतो.

किशोरकुमारलाही द्याव्यात, त्याबद्दल वाद नाही. त्याचं मोठं यश अजून यायचं होतं, 'आराधना' पुढच्या वर्षी, 1969 मध्ये आला. आणि चतुर नारीच्या या गाण्याचा मुखडा त्याच्या घरातलाच. 1941 साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजने 'झूला' काढला, त्यात त्याच्या थोरल्या भावाने, अशोककुमारने ते गायलं होतं. त्याच बॉम्बे टॉकीजमध्ये मेहमूदचे वडील मुमताज अली नर्तक म्हणून गाजले. म्हणजे पंचवीस-सत्तावीस वर्षांनी दोन्ही घरची मुलं दोन खिडक्यांत समोरासमोर... काचेपलीकडून खूण झाली आहे, चारच मिनिटं उरली आहेत. लता आणि आशा यांच्या द्वंद्वगीताविषयी बोलायचं होतं, ते राहू दे. मास्टरजींविषयी मात्र बोललंच पाहिजे.

मेहमूदने हा दक्षिणी मास्तर रंगवला तो शेंडी, धोतर आणि बोलण्याच्या ढबीवर हसू आणून. आज काहींना ते खटकतं. मलाही काही ठिकाणी खटकतं, आणि एखाद्या तमिळ श्रोत्याला ते लागलं तर मी त्याला समजूतदारपणाचे डोस पाजणार नाही. पण त्या तुकड्यावरून निकाल देऊ नका. नुसता तुकडा पाहिलात तर तुम्हाला फक्त खिल्ली दिसते. अख्खा सिनेमा पाहिलात तर दिसतं, की या सगळ्या गोतावळ्यात संगीत खरोखर शिकलेला आणि शिकवणारा माणूस एकच आहे, आणि त्याला हरवलं आहे ते लबाडीने. पुढे ती लबाडी बिंदूला कळते, ती संतापते, रागाच्या भरात भोलाच्या म्हाताऱ्या मामाच्या स्थळाला होकार देऊन बसते. त्यानंतर भोलाच्या मित्रांनी रचलेलं मरणाचं सोंग, आणि मग लग्न. त्या लग्नात सनई वाजवायला कोण बसलं आहे? मास्टरजी. डोळ्यांत पाणी आणि तोंडात सनई.

चिवड्याच्या डब्याच्या तळाशी काय उरतं, आठवतं का? काजू केव्हाच संपलेले असतात. तळाशी पोह्यांचा चुरा, तळलेल्या कढीपत्त्याची पानं, आणि खाली बसलेलं तिखट-मीठ. आमच्या घरी आजी तो चुरा वाटीत काढून त्यावर दही घालून खायची आणि म्हणायची, खरा चिवडा हा. मास्टरजींची सनई हा तो तळ आहे. ज्याने काजू वेचून डबा बंद केला, त्याला तो मिळालाच नाही. अडीच तास आपण ज्याला हसलो, त्याच्याकडे शेवटी मान वर करून पाहवत नाही. विनोदी चित्रपटाने हे करावं, आणि तरी आपण प्रसन्न चेहऱ्याने उठावं, हे फार थोड्यांना साधलं आहे. 'पडोसन' का टिकला, याचं माझं उत्तर हे आहे. ते गाणं टिकलं म्हणून सिनेमा टिकला असं लोक म्हणतात. मला उलटं वाटतं. सिनेमाने ते गाणं धरून ठेवलं आहे. गाणी काढली तरी बाकीच्या कित्येक चित्रपटांची कथा तशीच उभी राहते. यातलं गाणं काढा, मग भोलाला खिडकीत बसायला कारण उरत नाही, विद्यापतीला लपायला कारण उरत नाही, मास्टरजींना दारात यायलाही कारण उरत नाही. गाणं हीच इथे कथा आहे. म्हणून तर तुकडा पाडला की दोन्ही तुटतात. आणि याच संदर्भात राजेंद्रकृष्ण यांच्या संवादांविषयी... नाही, वेळ संपत आला.

तर श्रोतेहो, विशेषतः घरातल्या मुलांनो, एवढं ऐका माझं. येत्या रविवारी दुपारी जेवणं झाली की 'पडोसन' पहिल्यापासून लावा. घरातल्या मोठ्यांना बरोबर बसवा. भोला चार आश्रम वाचत असताना पुढे ढकलू नका, गाण्याची तालीम पुढे ढकलू नका, मामाचे प्रसंग पुढे ढकलू नका. आणि खिडकीतलं ते गाणं संपलं की उठू नका. सनई वाजेपर्यंत बसा.